लग्नघरी अभद्र बोलू नये!

लग्नघरात काय बोलावे यापेक्षा काय बोलू नये, याचे नियम आपल्याकडे फार कडक. बांगडी फुटली तरी 'फुटली' म्हणायचे नाही, 'वाढवली' म्हणायचे. कुंकू संपत नाही, ते 'वाढते'. मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी तोही 'वाढवायचा'. खेळता खेळता एखादे पोर 'मेलो, मेलो' म्हणून ओरडले, तर कोपऱ्यातली आजी उठून त्याच्या पाठीत धपाटा घालते. "शुभकार्य आहे घरात, जिभेला काही हाड?"

अशा घरात, ऐन मुहूर्ताच्या सुमारास, चक्क एक प्रेत आणून ठेवण्याचे धाडस फक्त रहस्यकथा लिहिणारी मंडळीच करू शकतात. आणि गंमत म्हणजे वाचक त्यांना धपाटा घालत नाहीत. उलट चहाचा कप शेजारी ठेवून, पाय पोटाशी घेऊन, मोठ्या आनंदाने वाचत बसतात.

खरे तर रहस्यकथा लेखकाच्या नजरेने पाहिले तर लग्न म्हणजे निवडून, धुऊन, चिरून ठेवलेली भाजी. नुसती फोडणी द्यायची बाकी. एरवी चार गावांत पांगलेले नातेवाईक त्या दिवशी एका छपराखाली असतात. वाटणीत मिळालेल्या शेतापासून आहेरात मिळालेल्या हलक्या साडीपर्यंत प्रत्येकाच्या मनात काही ना काही ठसठसत असते. दागिने बाहेर काढलेले असतात. शेकडो पाने एकाच भटारखान्यातून वाढली जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लग्नात अनोळखी माणूस कुणालाच खटकत नाही. वरपक्षाला वाटते, हे गृहस्थ मुलीकडचे. मुलीकडच्यांना वाटते, मुलाचे कोणी मामा असतील. दोन्हीकडून त्यांना जिलबीचा आग्रह होतो!

गुन्हेगाराला लग्नात जशी सोय, तशी गुप्तहेरालाही. कारण प्रत्येक कार्यालयात खांबाला टेकून बसलेली एक मावशी किंवा आत्या असते. तिला काम कोणी सांगत नाही आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही. कोण कुणाशी बोलले नाही, अक्षता पडताना कोण जागेवर नव्हते, नवऱ्या मुलाच्या काकांनी दोनदा जेवून घेतले, हे सगळे तिच्याकडे नोंदलेले असते. अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल ही या मावशीचीच विलायती बहीण. ती १९२७ साली कथेत आणि १९३० साली कादंबरीत आली. हातात विणकाम, तोंडावर भोळेपणा, आणि खुनाचा उलगडा करताना आपल्या खेड्यातल्या कुठल्या तरी माणसाचे उदाहरण. माणसाचा स्वभाव इथून तिथून सारखाच, एवढ्या एका भांडवलावर तिचा धंदा चालतो.

अशा घरगुती खूनकथांना इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. चहाच्या किटलीवर घालायच्या कापूस भरलेल्या टोपडीलाही आपण 'टी-कोझी' म्हणतो, तोच हा शब्द. या कथांत रक्ताचे पाट वाहत नाहीत. गाव लहान असते, माणसे एकमेकांना ओळखत असतात, मरणारा बहुधा कुणाला फारसा आवडत नसतो आणि शेवटी सगळे जागच्या जागी येते. किटलीतला चहा गरम राहतो, हात मात्र भाजत नाही.

या प्रकारात लग्न आणि खून यांची गाठ घालणारे एक जोडपे मराठी प्रेक्षकांच्या चांगले ओळखीचे आहे. बंगालीतील व्योमकेश बक्षी आणि त्याची सत्यवती. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ साली व्योमकेशच्या कथा लिहायला सुरुवात केली. पुढे ते चित्रपटांसाठी मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. 'अर्थमनर्थम्' या कथेत सारखे मृत्युपत्र बदलणाऱ्या एका श्रीमंत म्हाताऱ्याचा खून होतो. संशय सत्यवतीच्या भावावर येतो. ती व्योमकेशपुढे येऊन उभी राहते आणि स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवणाऱ्या त्या हुशार माणसाला गुन्हेगाराबरोबर बायकोही सापडते. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींच्या मालिकेत रजित कपूर व्योमकेश झाले आणि आपल्या सुकन्या कुलकर्णी सत्यवती.

पत्रिका जुळवण्याची ही पद्धत जरा अवघडच. पण जवळजवळ त्याच वर्षांत तिकडे इंग्लंडमध्ये आणखी एक लग्न अशाच पद्धतीने जमत होते.

त्या लग्नाच्या कर्त्या डोरोथी एल. सेयर्स. जन्म १८९३, ऑक्सफर्डचा. बायकांना ऑक्सफर्डने पदव्या द्यायला सुरुवात केली ती १९२० साली, आणि ती पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी या एक. नंतर लंडनच्या एका जाहिरात कंपनीत त्यांनी मजकूर लिहिण्याची नोकरी केली आणि त्याच काळात लॉर्ड पीटर विम्सी हा उमराव गुप्तहेर जन्माला घातला. स्वभाव काटेकोर. आपल्या नावातला 'एल' कुणी गाळला तर बाईंना खपत नसे.

सेयर्स, ख्रिस्ती, चेस्टरटन वगैरे लेखकांनी १९३० साली 'डिटेक्शन क्लब' स्थापन केला. नव्या सभासदाला एका कवटीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे. गुन्ह्याचा उलगडा बुद्धीनेच करीन; दैवी साक्षात्कार, योगायोग आणि बायकांचा म्हणून सांगितला जाणारा 'आतला आवाज' यांचा आधार घेणार नाही, असा त्या शपथेचा मथितार्थ. खांबाला टेकलेल्या आपल्या मावशीलाही हे पटले असते. ती तर आतल्या आवाजावर नव्हे, उघड्या डोळ्यांवर विसंबते.

त्याच वर्षी आलेल्या 'स्ट्राँग पॉयझन' या कादंबरीत पीटरला हॅरिएट वेन प्रथम दिसते, ती आरोपीच्या पिंजऱ्यात. हॅरिएट स्वतः रहस्यकथा लिहिणारी. ज्याच्याबरोबर ती पूर्वी राहत होती तो माणूस सोमलाच्या विषाने मेला आणि विषांचा अभ्यास केलेली ही बाई आयतीच सापडली. पीटर तिला फासापासून वाचवतो आणि मागणी घालतो. ती नाही म्हणते. उपकाराची परतफेड म्हणून लग्न करायचे नाही, हा तिचा बाणा. तिचा होकार मिळतो तो १९३५ च्या 'गॉडी नाइट'मध्ये. मधली पाच वर्षे पीटर मागणी घालतो आहे आणि ती नकार देते आहे. आपल्याकडे असते तर एवढ्या काळात दोन्ही घरच्यांनी दहा ठिकाणी बघून ठेवले असते.

लग्न होते आणि 'बसमन्स हनिमून' सुरू होतो. हे आधी १९३६ साली नाटक म्हणून रंगभूमीवर आले, ते सेयर्सबाईंनी आपल्या मैत्रिणीबरोबर लिहिले होते. पुढच्या वर्षी त्याची कादंबरी निघाली. नावामागे इंग्रजीतली एक म्हण आहे. एस.टी.च्या ड्रायव्हरने रजा काढावी आणि रजेत काय करावे, तर एस.टी.तच बसून गावोगाव हिंडावे, तशातली गोष्ट. मधुचंद्राला निघालेल्या गुप्तहेराच्या पदरी दुसरे काय पडणार?

लग्नाची हकिगत सेयर्सबाई सरळ सांगत नाहीत. ती कळते पत्रांतून आणि पीटरच्या आईच्या रोजनिशीतून. विहीणबाई मोठ्या गोड आणि बोलण्यात विषयाला विषय जोडत जाणाऱ्या. थोरल्या जाऊबाईंना मात्र थाटामाटाचे, बड्या लोकांचे लग्न हवे असते. हॅरिएटला नको असते. शेवटी ऑक्सफर्डमध्ये, वर्तमानपत्रवाल्यांना चकवून गुपचूप लग्न लागते आणि करवल्या कोण, तर हॅरिएटच्या कॉलेजातल्या विदुषी प्राध्यापिका! जाऊबाईंना काय वाटले असेल ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

त्याच रात्री हे जोडपे खेड्यातल्या घरी पोचते. हॅरिएटच्या बालपणीच्या गावाजवळचे हे जुने घर पीटरने तिला भेट म्हणून विकत घेतलेले. विकणारा नोक्स नावाचा म्हातारा. त्याने घर उघडून, साफ करून, चूल पेटवून ठेवायचे ठरले होते. प्रत्यक्षात घर अंधारात, दाराला कुलूप आणि नोक्सचा पत्ता नाही. शेजारणीला उठवा, म्हाताऱ्याच्या भाचीकडून किल्ली आणा, मेणबत्त्या शोधा, अशा गोंधळात लग्नाची रात्र उजाडते. सकाळी चूल पेटवावी तर धुराडे तुंबलेले.

इथून पुढची पाने म्हणजे निव्वळ धमाल. धुराडे साफ करणारा पफेट येतो, तो एकावर एक स्वेटर चढवून. काम जितके अवघड, तितके स्वेटर तो उतरवत जातो. पाद्रीबुवांच्या सल्ल्याने धुराड्यात बंदुकीचा बार काढला जातो आणि वर्षानुवर्षांची काजळी खाली येते. पीटरचा नोकर बंटर हा कधीही तोल न ढळणारा माणूस. त्याने मालकाची जुनी, दुर्मीळ पोर्ट वाइन लंडनहून तान्ह्या बाळासारखी दुलईत गुंडाळून आणलेली. तळाचा गाळ हलता कामा नये म्हणून केवढी काळजी! आणि घरकाम करणारी रडलबाई त्या धुळकट बाटल्या पाहून कळवळते आणि सगळ्या स्वच्छ करून ठेवते. बंटरचा संयम सुटतो तो फक्त या एका प्रसंगी. मुरलेल्या लोणच्याची बरणी कुणी 'जुनी दिसली म्हणून' ओतून घासून ठेवली, तर आपल्याकडच्या आजीचे जे होईल तेच त्याचे होते.

आणि मग तळघरात नोक्सचे प्रेत सापडते. तो मरून काही दिवस झालेले. म्हणजे नवरा-नवरीची पहिली रात्र पार पडली तेव्हा घराचा जुना मालक खाली तळघरात पडलेला होता. अभद्र बोलू नये म्हणतात, ते उगाच नाही!

तपासाला पोलीस अधिकारी कर्क येतो. त्याला कवितांच्या ओळींचा नाद. तो एक ओळ टाकतो, पीटर दुसरी. खुनाच्या चौकशीत भेंड्या रंगतात. खून कोणी आणि कसा केला, हे इथे सांगणे म्हणजे वाचकाच्या पानातली जिलबी उचलण्यासारखे होईल. पण संशयितांकडे जरा पाहायला हवे, कारण पुस्तकाचा सूर बदलतो तो त्यांच्यामुळे.

नोक्स गावाला कसा नाडत होता ते हळूहळू उघडे होते. गॅरेज काढायचे स्वप्न पाहणाऱ्या तरुण माळ्याचे ४० पौंड त्याच्याकडे अडकलेले. गावचा तरुण हवालदार एका चुकीमुळे त्याच्या तावडीत सापडलेला आणि तोंड बंद ठेवण्यासाठी पैसे मोजत असलेला. कोंबड्या पाळून आणि चर्चमध्ये बाजा वाजवून दिवस काढणारी त्याची प्रौढ कुमारी भाची मामाच्या इस्टेटीच्या आशेवर बसलेली, तर मामा डोक्यापर्यंत कर्जात. देणेकऱ्यांची माणसे येऊन घरातले सामानसुद्धा उचलून नेतात. एका तासापूर्वी ज्यांच्या स्वेटरांना आणि लकबींना वाचक हसत होता, ती आता हाडामांसाची माणसे होतात. यांतले कुणीही दोषी ठरले तर वाईटच वाटणार, हे ध्यानात येते आणि हातातला चहा निवतो.

पीटरलाही ते उमगते. ज्या गावात नवा संसार मांडायचा, त्या गावातल्या शेजाऱ्यांची दुःखे आपण उकरतो आहोत. आणि नव्या नवरीला मधुचंद्रात हे सारे पाहावे लागते आहे. तुझी इच्छा असेल तर हे इथेच सोडून देऊ, असे तो हॅरिएटला सुचवतो.

सगळ्या पुस्तकाचा जीव या एका प्रसंगात आहे. हॅरिएटला तपास नको झालेला असतो. ज्या हवालदाराच्या बायकापोरांची तिला कणव येते, त्याच्याविरुद्ध पुरावा जमताना तिला पाहवत नाही. फासाच्या सावलीत उभे राहणे म्हणजे काय, हे तर तिच्याइतके कुणालाच माहीत नाही. तरीही ती नाही म्हणते. माझ्याशी लग्न केल्यामुळे तू होतास त्यापेक्षा कमी झालास, असे झाले तर त्या संसाराला काय अर्थ, हे तिचे म्हणणे. माझ्यासाठी एवढे सोड, हे हक्काने म्हणता येण्याचा दिवस, आणि त्याच दिवशी ती ते म्हणायचे नाकारते.

आपल्याकडच्या संसारात हे वाक्य उलट्या बाजूनेच जास्त ऐकू येते. लग्नानंतर गाणे सुटले, नोकरी सुटली, लिहिणे सुटले, आणि 'चालायचेच' म्हणून सोडवून टाकले. सुटण्याला आपण 'जुळवून घेणे' म्हणतो आणि जुळवून घेणारी बहुतेक वेळा तीच असते. ही भीती हॅरिएटला होतीच, पाच वर्षे होकार अडला होता तो त्यामुळे. स्वतः न सोडण्याचा हट्ट धरणारी बाई नवऱ्यालाही सोडू देत नाही, एवढाच तिचा न्याय.

गुन्हेगार सापडतो. टी-कोझीच्या नियमाप्रमाणे इथे पडदा पडायचा. सेयर्सबाई तो पाडत नाहीत. त्या काळी इंग्लंडमध्ये खुनाला फाशी होती. (तिथे ती १९६५ साली स्थगित झाली आणि १९६९ मध्ये कायमची गेली.) ज्याला पकडून दिले त्याच्या बचावासाठी नामांकित वकील देतो तो पीटरच. तरी शिक्षा होते. फाशीच्या आदल्या रात्री पीटरला झोप येत नाही. पहिल्या महायुद्धात, आपल्या हुकमावर माणसे मरणाला पाठवताना बसलेला जुना धक्का पुन्हा वर येतो. हॅरिएट त्याच्या मागे धावत नाही, प्रश्नही विचारत नाही. जागी राहून वाट पाहते. आणि तो तिच्याकडे येतो, एकटा कुढत बसत नाही. त्यांचे लग्न खऱ्या अर्थाने लागते ते त्या रात्री.

सत्याचा हा आग्रह धरणाऱ्या सेयर्सबाईंच्या आयुष्यात मात्र एक गोष्ट कायम झाकलेली राहिली. १९२४ साली, विवाहाआधी, त्यांना मुलगा झाला होता. तो एका मावसबहिणीकडे वाढला, त्याचा खर्च त्यांनी केला, पण आपली आई म्हणून जगापुढे त्या कधी आल्या नाहीत. १९५७ साली त्या गेल्या, त्यानंतर लोकांना हे कळले. त्या काळच्या अब्रूचे कायदे असे होते. सत्य बोलण्याची किंमत किती, हे ज्याला मोजावे लागते त्यालाच ठाऊक असते, आणि कदाचित म्हणूनच त्यांच्या पुस्तकात ते कुठेही स्वस्त झालेले नाही.

लग्नघरी अभद्र बोलू नये, या नियमामागे माया आहे, हे खरे. पण त्याच नियमाने कितीतरी गोष्टी गप्प बसवल्या आहेत. ठरल्यापेक्षा जास्त मागणी आली, बोलू नका. मुलगी माहेरी आली ती गप्प गप्प, विचारू नका. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तरीही १९८६ साली 'हुंडाबळी' हा वेगळा गुन्हा कायद्यात लिहावा लागला. लग्नापासून सात वर्षांच्या आत हुंड्याच्या छळातून विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर तो त्यात येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो ठेवावा लागला आहे. त्या कथांमध्ये विनोद नाही, भेंड्या नाहीत आणि शेवटी सगळे जागच्या जागी येतही नाही. पुष्कळदा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काहीतरी पाहिलेले असते. वेळेवर विचारलेले मात्र कुणी नसते.

म्हणून खांबाला टेकून बसलेल्या त्या मावशीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तिला चहा आणून द्यावा, पाठीमागे उशी द्यावी आणि वर्षभरानंतर मुलगी पहिल्यांदा चार दिवस राहायला आली की तिला शेजारी बसवावे. मुलीची बांगडी खरोखर 'वाढवली' आहे की कुणी फोडली आहे, हे ओळखणारी नजर घरात एक तरी असलेली बरी.